शंका तुमच्या, उत्तरं आमची : निळं न होणारं पान, बाराची सावली आणि दोन मतांचा सरपंच

या वेळची पत्रं यवतमाळ, अमरावती, अकोला आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांतून आली आहेत. एकाच शंकेची दोन-तीन पत्रं होती तिथे एकच उत्तर दिलं आहे. गुण कसे वाढतील एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली.

प्रश्न : पानातला स्टार्च ओळखायचा प्रयोग आम्ही मार्चमध्ये, सकाळच्या शाळेत केला. जास्वंदाचं पान होतं, मधे काळ्या कागदाची पट्टी लावली होती. आयोडीन टाकल्यावर पट्टीखालचा भाग तांबूस झाला अन् बाकीचं पानही तांबूसच. सर म्हणाले, आयोडीन जुनं असेल. पण तेच आयोडीन बटाट्याच्या फोडीवर टाकलं तर काळंभोर झालं. मग चुकलं कुठे?
(इयत्ता दहावी, दारव्हा तालुका)

उत्तर : बटाट्यावर तपासून पाहिलंस तिथेच अर्धी शंका सुटली. आयोडीन चांगलं आहे, स्टार्च भेटला की ते निळंकाळं होतं. पानावर दिसलेला तांबूस रंग आयोडीनचा स्वतःचा. म्हणजे पानात स्टार्च नव्हताच, किंवा असूनही आयोडीन त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

आमचा पहिला संशय सकाळच्या शाळेवर आहे. पान दिवसभर उन्हात स्टार्च साठवतं आणि रात्री तो मोडून साखरेच्या रूपात झाडाला पुरवतं. सकाळी आठला तोडलेल्या पानात साठा जवळजवळ संपलेला असतो. त्यातून कुंडी दोन दिवस अंधारात ठेवून त्याच सकाळी तासभरच उन्हात आणली असेल, तर निळं काळं होण्यासारखं पानात काही तयारच झालेलं नसतं.

वेळापत्रक असं बदलून बघ. शुक्रवारी संध्याकाळी कुंडी अंधाऱ्या खोलीत ठेव. दाराच्या फटीतून उजेड येत असेल तर वर पोतं टाक. रविवारी सकाळी, बाहेर काढण्याआधी, काळ्या कागदाची पट्टी पानाच्या दोन्ही बाजूंनी लाव आणि कागदी क्लिपने घट्ट धर. एकाच बाजूने लावली तर खालून उजेड शिरतो. पट्टी जिथे आहे तिथे पानाच्या कडेला कात्रीने छोटी खाच पाड, नाहीतर पट्टी काढल्यावर झाकलेला भाग कोणता यावरून वर्गात भांडण होतं. मग चार-पाच तास चांगलं ऊन मिळू दे आणि दुपारी चारला पान तोड.

तोडल्याबरोबर पान उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं बुडव. ही पायरी बरेच जण 'पान धुवायचं' समजून उरकतात. तिचं खरं काम पेशी मारण्याचं आहे. त्यानंतर पानातला स्टार्च मोडायचा थांबतो आणि पेशींचे पडदे आयोडीनला आत येऊ देतात. कोमट पाण्यात नुसतं खळबळलेलं पान आयोडीन आत घेत नाही. तुमची दुसरी चूक इथे झाली असण्याची शक्यता बरीच आहे.

यापुढे हिरवा रंग काढायचा. परीक्षानळीत पान बुडेल इतकंच स्पिरिट घ्यायचं आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची. स्पिरिटदिवा त्याआधी विझवायचा. स्पिरिट ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून नळी थेट ज्योतीवर कधीही धरायची नाही. पाच-दहा मिनिटांत स्पिरिट हिरवं आणि पान फिकट पिवळसर होतं. सकाळच्या शाळेसाठी सोपी वाट म्हणजे उकळत्या पाण्यातून काढलेलं पान शिक्षकांच्या देखरेखीत, घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवणं. पातळ पान तेवढ्यात बरंच फिकं होतं आणि सोमवारी पहिल्या तासाला प्रयोग पुरा करता येतो.

स्पिरिटमधून निघालेलं पान पापडासारखं कडक असतं. ते कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं की मऊ पडतं. पांढऱ्या बशीत पसरून आयोडीनचे थेंब टाक आणि दोन-तीन मिनिटं थांब. आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं असावं. दाट असेल तर सगळंच तपकिरी दिसतं. जास्वंद या प्रयोगाला चालतो, कांद्याची पात मात्र घेऊ नकोस. ती साठा स्टार्चऐवजी साखरेच्या रूपात करते, त्यामुळे कितीही नीट प्रयोग केला तरी काळी होणार नाही.

सगळं पान काळं झालं, अगदी पट्टीखालीसुद्धा, तर चूक उलट्या टोकाची : अंधारातला वेळ कमी पडला.

प्रश्न : चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं तर ती दुधाळ होते असं पुस्तकात आहे. आमची दुधाळ झाली आणि मग पुन्हा स्वच्छ झाली. बाई म्हणाल्या, वहीत फक्त 'दुधाळ झाली' एवढंच लिहा.
(इयत्ता नववी, तेल्हारा)

उत्तर : दोन्ही लिहा, तुम्ही जास्त फुंकलंत इतकंच. कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीतल्या कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं कॅल्शिअम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून दुधाळपणा. वायू येतच राहिला की कार्बोनेटचं कॅल्शिअम बायकार्बोनेट होतं, ते विरघळतं आणि निवळी पुन्हा निवळते. तीच निवळी आता उकळून बघा, परत गढूळ होईल. विहिरीच्या जड पाण्याने चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो तो याच कारणाने.

निवळीसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर चुना ढवळून, झाकून रात्रभर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या. लिटरभर पाण्यात चुना दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, त्यामुळे जास्त घालून उपयोग नाही. पानाच्या डबीतला बरेच दिवस उघडा राहिलेला चुना घेऊ नका, हवेने त्याचं आधीच कार्बोनेट झालेलं असतं. नळीतून फुंकायचं, ओढायचं नाही. डोळ्यांनाही जपा.

प्रश्न : आमच्या शाळेत काठीच्या सावलीचा उपक्रम घेतला. 'दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते' असं मुलांना सांगितलं होतं. फेब्रुवारीत केलं तर साडेबारापर्यंत सावली लहानच होत गेली. मुलं विचारतात, घड्याळ चुकलं की पुस्तक? आणि शून्य सावली आपल्याकडे कधी?
(शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, घड्याळ बरोबर आहे आणि तुमची निरीक्षणं त्याहून बरोबर आहेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. यवतमाळ ७८.१ अंशांच्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य तुमच्याकडे सुमारे साडेसतरा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. हे झालं कायमचं. याशिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे होत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तो सुमारे १४ मिनिटं मागे असतो, म्हणून तुमचा मध्यान्ह १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं पुढे असतो. तेव्हा हाच उपक्रम घेतला असता तर सावली बाराच्या ठोक्याला सर्वांत लहान दिसली असती आणि पुस्तकावर कुणी शंका घेतली नसती.

यवतमाळचा अक्षांश सुमारे २०.४ अंश उत्तर. शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही तो क्षण, २२ मेच्या आसपास, दुपारी १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास. दुसऱ्यांदा २१ जुलैच्या आसपास, पण तेव्हा आभाळ असतं. नागपूरला मेमधला दिवस चार दिवसांनी पुढे, २६ मेच्या सुमारास. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते म्हणून ही गंमत विदर्भातल्या बहुतेक मुलांच्या हातून निसटते. सुट्टीचा गृहपाठ म्हणून देण्याजोगी आहे.

अजून एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. १०० सेंटीमीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली यवतमाळला २१ जूनला सुमारे ५ सेंटीमीटर दक्षिणेकडे, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास ३७ सेंटीमीटर उत्तरेकडे, आणि २२ डिसेंबरला तब्बल ९६ सेंटीमीटर उत्तरेकडे पडते. विषुवदिनाच्या ३७ ला १०० ने भागून येणारी संख्या ज्या कोनाचा टॅन (tan) असते, तोच कोन तुमच्या गावाचा अक्षांश. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

काठी ओळंब्याने सरळ उभी करा. गवंड्याकडे असतो तोच, नसला तर दोरीला बांधलेला दगड. दोन अंश जरी कलली तरी सावली तीन-साडेतीन सेंटीमीटरने चुकते. सावलीचं टोक पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे. त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करा आणि दर वेळी एकाच मुलाला करू द्या. सूर्याकडे कुणीही बघायचं नाही.

प्रश्न : विदर्भाला समुद्र नाही. मग १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला म्हणतात तो कसा?
(इयत्ता नववी, दर्यापूर)

उत्तर : तुझ्या पायाखालच्या पाण्याने. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे आणि दर्यापूर त्यातच येतं. भूजलात क्षार इतके की साबणाला फेस येत नाही आणि विहीर भरलेली असून पाणी पिता येत नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावी सत्याग्रहींनी अशाच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला. मीठ किती निघालं याला महत्त्व नव्हतं. सरकारी परवानगीशिवाय मीठ बनवणं हाच गुन्हा होता, तो चिमूटभर मिठानेही होत होता.

घरी करून बघायचं तर विहिरीचं लिटरभर पाणी स्टीलच्या पातेल्यात वाटीभर उरेपर्यंत आटव आणि पुढे ताटलीत उन्हात वाळव. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. विहिरीच्या पाण्यातून त्याच्या मानाने फारच थोडा थर मिळेल. तो खाऊ नकोस. त्यात मिठाखेरीज कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचेही क्षार असतात.

उत्तरात क्रम असा ठेव : १२ मार्च १९३० ला साबरमतीहून दांडीयात्रा निघाली, ६ एप्रिलला दांडीला कायदेभंग झाला, पाठोपाठ दहीहंडा. जिथे खारं पाणीही नव्हतं तिथे जंगल कायदा मोडला गेला. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. पुस्तकात 'जंगल सत्याग्रह' एवढाच शब्द असतो. पुसदचं नाव आणि तारीख लिहिलीस तर उत्तर वेगळं उठून दिसतं.

प्रश्न : नागपूर आणि वऱ्हाड दोन्ही डलहौसीने खालसा केले, बरोबर ना?
(इयत्ता दहावी, अचलपूर)

उत्तर : अर्धं बरोबर. डलहौसी दोन्हीकडे आहे, कारणं वेगळी आहेत. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारस नसताना वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. वऱ्हाड भोसल्यांचं नव्हे, निजामाचं होतं. हैदराबादच्या पलटणीच्या खर्चाची थकबाकी निजामावर होती, तिच्यापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीने स्वतःकडे घेतला. ते खालसा झालंच नाही. मालकी कागदावर निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये ठरवून कायमचा भाडेपट्टा झाला आणि दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. म्हणून नाव 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड', नुसतं मध्य प्रांत नाही.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडतात. आमच्या गावात तर आईने सदस्यासाठी वेगळं आणि सरपंचासाठी वेगळं मत दिलं. दुसरं म्हणजे ग्रामसभेला किती माणसं लागतात? आमच्याकडे वीस जण आले की सुरू होते.
(इयत्ता दहावी, धानोरा तालुका, गडचिरोली)

उत्तर : पुस्तक कोणत्या साली छापलं ते आधी बघ. महाराष्ट्रात थेट जनतेतून सरपंच निवडण्याची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे तुझं पुस्तक, तुझ्या ताईचं पुस्तक आणि गावातली निवडणूक, तिन्हींत वेगवेगळं असू शकतं. उपसरपंच मात्र आजही सदस्यच आपल्यातून निवडतात. परीक्षेत गोंधळ झाला तर साल लिहून उत्तर दे, म्हणजे तपासणाऱ्यालाही तुझ्या मनात कोणता नियम आहे ते कळतं.

गणपूर्तीचा सर्वसाधारण नियम असा : ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. गावात ४८० मतदार असतील तर १५ टक्के म्हणजे ७२. मतदार १४०० असतील तर १५ टक्के २१० होतात, पण १०० कमी आहेत, म्हणून १०० पुरतात. वीस जणांवर सभा चालवायची तर गावात मतदार १३३ च्या वर असता कामा नयेत. तुमच्या गावात किती आहेत ते मतदार यादीच्या शेवटी बघ. वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, हेही त्याच कायद्यात आहे.

धानोऱ्याच्या पोराला एक जास्तीची गोष्ट सांगायलाच हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जी ग्रामसभा भरते तिचे नियम वेगळे आहेत. तिथे एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. ग्रामसभेचे ५०० सदस्य असून २५० हजर असतील, तर त्यांत निदान ८४ बाया. ही सभा अख्ख्या ग्रामपंचायतीची नसते, त्या एका गावाची असते. तुझ्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये या कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या काही गावांत. २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. 'ग्रामसभेचे अधिकार' या प्रश्नाला बाहेरचं उदाहरण शोधत बसू नकोस.

प्रश्न : भुजंगप्रयात वृत्तात एक ओळ रचायला सांगितली होती. मी लिहिलं : 'कपाशीला आली फुले पिवळी ही'. अक्षरं बरोबर बारा आहेत. तरी गुण शून्य.
(इयत्ता दहावी, घाटंजी)

उत्तर : अक्षरं बारा आहेत, मान्य. पण भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा य गण, आणि य गण म्हणजे लघु, गुरू, गुरू. तुझी ओळ तीन-तीन अक्षरांत तोडू.

क-पा-शी : लघु, गुरू, गुरू. य गण. छान.
ला-आ-ली : तिन्ही गुरू. हा म गण झाला.
फु-ले-पि : लघु, गुरू, लघु. हा ज गण.
व-ळी-ही : लघु, गुरू, गुरू. पुन्हा य गण.

म्हणजे घोडं दोन ठिकाणी अडखळलं, चौथ्या आणि नवव्या अक्षरावर. चौथं 'ला' लघु हवं होतं. 'कपाशीला'च्या जागी 'कपाशीस' घेतलं की 'स' लघु मिळतो. नववं 'पि' गुरू हवं होतं, आणि 'पिवळी'त ते काही केल्या होत नाही. 'पीवळी' असं लिहून दीर्घ केलंस तर शुद्धलेखनाचा गुण जाईल. शब्दच बदलावा लागेल : 'कपाशीस आली फुले पीतवर्णी'. शब्द जरा जड झाला, कबूल. पण तोडून बघ. स-आ-ली, फु-ले-पी, त-व-र्णी. शेवटच्या गणात 'व' ऱ्हस्व असूनही गुरू आहे, कारण पुढे 'र्ण' हे जोडाक्षर आहे आणि त्याचा आघात 'व'वर येतो.

आता आपल्या मुलखातली खास अडचण. 'वऱ्हाडी' शब्दातही जोडाक्षर आहे, मग 'व' गुरू का नाही? मोठ्याने म्हणून बघ. 'वर्णी' म्हणताना जीभ 'व'वर थांबते, 'वऱ्हाडी' म्हणताना थांबत नाही. आघात नाही म्हणून 'व' लघुच राहतो. 'तुझ्या', 'दुसऱ्या' यांचंही तसंच. म्हणजे 'वऱ्हाडी' हा शब्द अख्खा एक य गण आहे आणि 'कपाशी' हा दुसरा. 'वऱ्हाडी कपाशी' म्हटलंस की अर्धी ओळ तयार. उरलेली सहा अक्षरं तू भर आणि पाठव. चरणाचं शेवटचं अक्षर लघु आलं तरी गुरू मानतात, तेवढी सवलत आहे.

प्रश्न : पोरगी निबंधात 'मी शाळेत जाऊन राहिली' असं लिहिते. घरी आम्ही तसंच बोलतो. हे अशुद्ध म्हणून गुण कापावेत का?
(पालक, पुसद तालुका)

उत्तर : अशुद्ध म्हणू नका, वऱ्हाडी म्हणा. आपल्याकडे 'जाऊन राहिली' म्हणजे आत्ता जात आहे. प्रमाण मराठीत वाचणाऱ्याला त्याचा अर्थ 'गेली आणि तिथेच राहिली' असा लागतो, म्हणून निबंधात आणि पत्रलेखनात 'जात आहे' लिहावं. 'मले-तुले'चं 'मला-तुला', 'डोया'चं 'डोळा', 'उद्या येजो'चं 'उद्या ये' असंच. कथालेखनात किंवा संवादलेखनात एखादं पात्र वऱ्हाडी बोलत असेल तर ते अवतरणचिन्हांत तसंच ठेवायला हरकत नाही. मात्र तेच पात्र पुढच्या ओळीत प्रमाण बोलू लागलं तर गुण जातात, आणि ते जायलाच हवेत.